आरोग्यबाई पाड्यानंच निवडायची

(पावसाळ्याआधीच्या बैठकीत संघटनेच्या आरोग्य गटाने केलेले भाषण)



प्लॉटांच्या बैठकीत हे औषधपाण्याचं काय काढलं, असं मागे बसलेले काही जण म्हणताहेत. ऐकू येतंय. पण जमीन गहाण कशी पडते ते आठवा. सावकाराच्या दारात आपण खावटीसाठी गेलो, लग्नासाठी गेलो, आणि आजारपणासाठी गेलो. मागच्या पावसात आमच्याच एका पाड्यावर पोराला हगवण लागली. नदी भरलेली. दोन दिवसांनी पाणी उतरलं, तेव्हा डोली करून बाजारगावी नेलं. खाजगी डॉक्टरनं सलाईन लावलं, सुया टोचल्या. पोर वाचलं. भाताचं खाचर अजून सावकाराकडेच आहे.

हगवणीत पोर मरतं ते अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं म्हणून. पहिल्या जुलाबापासून पाजत राहिलं तर बहुतेक पोरांना सलाईन लागतच नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आसवापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या, नवं करा. साखर नसेल तर तांदळाची पातळ पेज, चिमूटभर मीठ घालून. ओकलं तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं परत पाजा. अंगावरचं दूध तोडू नका. डोळे खोल गेले, पोर सुस्त पडलं, पिईना, किंवा शौचात रक्त दिसलं, तर मात्र दवाखाना, रात्र असली तरी.

हे शिकायला शाळा लागत नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून काम उभारलं ते गावच्या बायांना शिकवूनच. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी न्यूमोनिया ओळखायला एक साधन केलं: एका मिनिटाची वाळूची घडी आणि मणी. खोकणाऱ्या पोराचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे सहा मणी, त्याहून मोठ्याचे पाच, वाळू संपायच्या आत सरकले तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता आलं म्हणजे झालं.

मग पाठवायचं कोणाला? गेल्या खेपेला दहावी झालेली पोरं पाठवली. चूक आमचीच, शिकलेला पाहिजे असं आम्हीच म्हणालो. एक शहरात गेला, दुसरा सुई टोचायचे पैसे घ्यायला लागला. आता बाई पाठवा. जिचं घर-शेत इथंच आहे, जिचं दार रात्री वाजवायला कोणी लाजत नाही. सुईण असेल तर फारच चांगलं. भगतावर आमचा राग नाही. तुझं चालू दे, पण पाणी पाजणं थांबवू नको, एवढंच त्याला सांगतो. काही ऐकतात.

शिबिर चार दिवसांचं आहे, तिचा रोज बुडेल. तेवढं काम तिच्या शेतावर पाड्यानं करून द्यायचं. तोंडी नको, बैठकीच्या वहीत लिहा. गोळ्या सरकारी केंद्रातूनच मागायच्या, तो आपला हक्क आहे. नर्सबाई ज्या दिवशी आल्या नाहीत ती तारीख कोणाकडून तरी लिहून ठेवायची. पंचायत समितीवर जाऊ तेव्हा ती वही सोबत असेल.

पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत प्रत्येक पाड्यानं एक नाव द्यावं. नाव सगळ्यांनी, बायांसकट बसून ठरवा. पाटलाच्या ओट्यावर नको.