तारुण्यपीटिका : त्वचेवरील आणि मनावरील

तरुण मुलाच्या गालावर चार पुटकुळ्या उठल्या की घरातील वडीलधारी माणसे बहुधा हसून म्हणतात, "वयच आहे ते, जाईल आपोआप." पुष्कळांच्या बाबतीत हे खरे ठरते. ज्यांच्या बाबतीत ते खोटे ठरते, त्यांच्याविषयी आज बोलावयाचे आहे. कारण त्वचारोगतज्ज्ञाकडे येतात ते हेच रुग्ण, आणि पुष्कळदा येतात ते उशिरा.

हा विकार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत त्यास 'मुखदूषिका' म्हटले असून सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. वयात येताना पौरुष संप्रेरके (ती मुलींच्या शरीरातही असतात) त्वचेतील तैलग्रंथींना चेतवितात. रोमरंध्राच्या तोंडाशी तेल व मृत पेशी यांचे बूच बसते, आत जंतू वाढतात आणि दाह सुरू होतो. बुचाचे काळे टोक म्हणजे मळ नव्हे. तो त्वचेतील रंगद्रव्याचा परिणाम होय. म्हणून चेहरा खरखरून घासल्याने लाभ काहीच होत नाही, दाह मात्र वाढतो.

विकाराची तीव्रता मोजण्याची एक रीत १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीत कपाळ व दोन्ही गाल यांना प्रत्येकी २, नाक व हनुवटी यांना प्रत्येकी १ आणि छाती व पाठीचा वरचा भाग मिळून ३ असे भारांक आहेत. त्या त्या भागात साधे बूच असल्यास १, लाल पुटकुळी असल्यास २, पुवाची पुळी असल्यास ३ आणि गाठ असल्यास ४ या अंकाने भारांकास गुणावयाचे. बेरीज १८ पर्यंत असल्यास विकार सौम्य, ३० पर्यंत मध्यम, ३८ पर्यंत तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. तात्पर्य, पुटकुळ्या किती यापेक्षा त्या कोणत्या जातीच्या, याला महत्त्व अधिक. खोल गाठ मागे खळगा ठेवून जाते, आणि तो खळगा जन्मभर राहू शकतो.

तथापि या मापात मन मोजलेले नाही. बेरीज अवघी १० असूनही लग्नसमारंभास जाण्याचे टाळणारी मुलगी खरोखरच दुःखी असते. सावळ्या वर्णावर पुटकुळी जिरल्यानंतरही काळा डाग महिनोन्महिने रेंगाळतो. पंचविशी उलटलेल्या स्त्रीच्या हनुवटीवर व जबड्यावर पीटिका येत असून मासिक पाळीही अनियमित असेल, तर संप्रेरकांची तपासणी करून घेणे इष्ट.

घातक चूक एकच सांगतो. शेजारणीच्या सांगण्यावरून आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमाने आरंभी लाली उतरते. पुढे त्वचा पातळ होते आणि पुटकुळ्या दुप्पट जोमाने उठतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड, अडॅपलीन यांसारख्या योग्य औषधांचा गुण यावयास ६ ते १२ आठवडे लागतात. दुसऱ्याच आठवड्यात कंटाळून ती सोडू नयेत. गर्भवतीने मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून कोणतेही औषध घेऊ नये.

वडीलधाऱ्यांना इतकीच विनंती, की मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून हसण्यापूर्वी तो चेहरा नीट पाहावा. खोल गाठी दिसल्या, किंवा मूल आरसा व माणसे टाळू लागले, तर वाट पाहत बसू नये.