कार्टमधला प्रेस आणि काकांची बाराबोर

आजचा एपिसोड चिखलदऱ्यातून. मागं वाऱ्याचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

घाटाखाली माझ्या काकांचं शेत आहे. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोर त्यांच्याकडे आहे, कारण रानडुकरं एका रात्रीत हरभरा लोळवून जातात. दिवाळीत काका म्हणाले, "लेका, काडतूस लय महाग झालं. तू इंजिनेर हायेस ना? घरीच भरता येते का, पाह्य बरं."

झालं, मी लॅपटॉप उघडला. अमेरिकेत लोक हे घरी करतात. पुंगळी तीच, प्रायमर, दारू आणि छर्रे नवे. सिंगल-स्टेज प्रेस एका वेळी एकच टप्पा करतो. काम हळू, पण प्रत्येक काडतुसावर नजर राहते. प्रोग्रेसिव्ह प्रेसचं हँडल ओढलं, की दर वेळी एक काडतूस तयार. वेग भारी, पण चुकून दारू दुप्पट पडली तर नळी फुटू शकते, बोटं जाऊ शकतात. मी एक्सेल शीट केली, सिंगल-स्टेज निवडला आणि एका परदेशी साइटवर कार्टमध्येही टाकला.

पेमेंटआधी, सवयीप्रमाणे, डॉक्युमेंटेशन वाचलं. म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. कलम २ मधल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात! म्हणजे रिकामा प्रेसही कायद्याच्या नजरेत दारूगोळाच. परवान्याशिवाय काडतूस बनवलं, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. काकांचा परवाना बंदूक बाळगायचा आहे, काडतूस बनवायचा नाही. कार्ट रिकामं केलं.

ज्यांना नेमबाजीचंच वेड आहे, त्यांनी १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करा. ४.५ मिमीचा छर्रा, दारूचं काम नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटरचं कांस्य जिंकलं, त्या पॉइंट टू टू काडतुसात प्रायमर पुंगळीच्या कडेतच असतो. ते घरी भरायचा प्रश्नच नाही. आणि इथं मेळघाटात मस्ती नको, अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेणं हाच गुन्हा आहे.

काकांना फोन केला. नुकसान झालं की लगेच वन विभागाला कळवा, पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते, एवढं सांगितलं. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं झालं वाचलं तुनं. डुक्कर रायलं असतं शेतात, अन् मी गेलो असतो आत."

घरात अशी बंदूक असेल, तर हा एपिसोड त्यांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या रविवारी.