बंद होता होत नाही

कविता लिहिणाऱ्यानं संगणकाविषयी बोलावं, हे जरा विचित्रच. पण २००३ साली माझी एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे.

आमच्या ओळखीच्या छापखान्यात तीन संगणक एका हबला जोडलेले होते. मधल्या मशीनवर सगळ्यांच्या फायली. त्यावर विंडोज ९८. संध्याकाळी ‘शट डाऊन’ केलं, की ‘बंद होत आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य पडद्यावर येई आणि तिथंच सगळं थिजे. एका रात्री शेवटची एसटी चुकेल म्हणून मी सरळ स्विच पाडला. शेजारच्या मशीनवर माझ्या दिवंगत मित्राचा कवितासंग्रह उघडाच होता.

सकाळी स्कॅनडिस्क चालली. फाईल उघडली, तर ओळींच्या जागी नुसते चौकोन.

ऑपरेटर पोरगा रागावला नाही. म्हणाला, “चाचा, लिहिलेलं लगेच डिस्कवर जात नाही. थोडं मेमरीत थांबतं. बंद होताना मशीन ते उतरवून घेतं, प्रत्येक प्रोग्रॅमला, ड्रायव्हरला आवरायला सांगतं. एक जरी अडला, की सगळं अडतं.” जाळ्यात आणखी एक भानगड असते. दुसऱ्या मशीनचा फोल्डर आपल्याकडे ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो. ते मशीन आधीच बंद झालं, तर आपलं त्याच्या उत्तराची वाट बघत बसू शकतं.

मग त्यानं शोध घेतला. आधी सेफ मोडमध्ये चालू करून बंद केलं. तिथं नेटवर्क नसतं. मशीन मुकाट बंद झालं. म्हणजे दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा सुरुवातीलाच चालू होणाऱ्या प्रोग्रॅमचा. एमएसकॉन्फिगमध्ये एकेक खूण काढत गेला. बंद होतानाच्या आवाजाची फाईल बिघडली तरी मशीन अडतं, हे मला तेव्हा कळलं, गंमत वाटली. आमच्याकडे दोष निघाला नेटवर्क कार्डाच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी तर मायक्रोसॉफ्टनंच ‘शटडाऊन सप्लिमेंट’ नावाची वेगळी दुरुस्ती काढली होती. जुलै २००६ मध्ये त्या प्रणालीचा आधार संपला. पण असं जुनं मशीन कुणाकडे असेल, तर बाजूची आधी बंद करा, फायलींचं सर्वांत शेवटी.

मित्राची वही त्याच्या मुलीकडे होती, म्हणून संग्रह निघाला. इस्पितळात त्यानं मला तोंडी सांगितलेल्या दुरुस्त्या मात्र मी थेट टंकित केल्या होत्या. त्यातल्या अकरा ओळी मला आठवल्या. दोन शब्दांची खात्री अजून नाही.