औषधाची गोळी आणि व्यसनाची पुडी

(नांदे, तालुका मुळशी, येथील गावकऱ्यांपुढे करण्यासाठी लिहिलेले भाषण)



काही मुलांच्या अंगात चुळबुळ फार असते. वर्गात एका जागी बसवत नाही. हातातले काम अर्धे टाकून ती दुसरीकडे धावतात. मास्तर ओरडतात, बाप रागावतो. पण काही मुलांचा हा खोडसाळपणा नसतो. तो विकार असतो. डॉक्टर त्याला ए. डी. एच. डी. म्हणतात. आपण अतिचंचलता म्हणू. सगळीच खोडकर पोरे आजारी नसतात, बरं का! घरी आणि शाळेतही सहा महिने हाच त्रास दिसला, तर डॉक्टर तपासून ठरवतात.

यावर मेथिलफेनिडेट नावाची गोळी आहे. ती तरतरी आणणारी आहे. मग आई विचारते, “आधीच पोर चळवळे, त्याला तरतरीची गोळी कशाला? उद्या नशेची सवय लागली तर?”

आईची धास्ती खोटी नाही. तिचा नीट विचार करू.

तुम्ही भात लावणारी माणसे. खाचराचा बांध खचला की पाणी वाट फुटेल तिकडे जाते. त्यात पाण्याचा दोष नाही, बांध कच्चा असतो. या मुलांच्या मेंदूत लक्ष धरून ठेवणारा बांध कच्चा असतो. गोळीची तरतरी त्या बांधाला मिळते. म्हणून मूल स्थिर होते. अमेरिकेत डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली अशाच एका औषधाचा गुण ३० मुलांत पाहून लिहून ठेवला.

आता बांध तसाच कच्चा ठेवला तर? मनात आले की केले, असा या मुलांचा स्वभाव. मित्राने पुडी पुढे केली, की हात थांबत नाही. म्हणून तंबाखू, दारू, गांजा यांचा धोका या मुलांना इतरांपेक्षा जास्त असतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण नुसत्या बंदीने पोर राखले जात नाही.

मग गोळीने हा धोका वाढतो का? २०१३ साली १५ अभ्यास एकत्र करून पाहिले. लहानपणी गोळी घेतलेल्यांत व्यसन वाढलेले दिसले नाही, कमीही दिसले नाही. २०१४ साली स्वीडन देशातला मोठा अभ्यास छापून आला. त्यात औषध घेणाऱ्यांत व्यसनाचा त्रास कमी आढळला. म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखालची गोळी पोराला व्यसनाकडे ढकलत नाही. पण गोळी दिली की आपले काम संपले, असेही नाही.

धोका दुसरीकडे आहे. ठरल्या मापाने गिळलेली गोळी हळूहळू लागू पडते, नशा करीत नाही. तीच गोळी कोणी मापाबाहेर घेतली, तर ती नशा होते. काही कॉलेजची मुले परीक्षेच्या रात्री जागायला अशी गोळी मित्राकडे मागतात. म्हणून हे ध्यानात ठेवा:

१. गोळ्यांची डबी आईबापांनी कुलपात ठेवावी. रोजची गोळी आपल्या हाताने द्यावी. गोळ्या मोजाव्यात.

२. आपली गोळी दुसऱ्याला देऊ नये. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात या औषधाचे नाव आहे.

३. भूक मंदावली, झोप उडाली, छाती धडधडली, तर डॉक्टरांना सांगावे. घरात कोणाला हृदयविकार असेल, तर तेही आधीच सांगावे.

४. मनाने गोळी वाढवू नये, मनाने बंदही करू नये.

५. पोर तंबाखू किंवा दारू घेत असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नये. औषध कोणते द्यायचे, ते त्यावर ठरते.

६. पोराशी रोज बोलावे. एका वेळी एकच काम सांगावे. केले तर शाबासकी द्यावी.

पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. व्यसन लागलेच, तर येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले. फोनवर सल्ला हवा असेल, तर मनाच्या त्रासासाठी १४४१६ आणि व्यसनासाठी १४४४६ हे सरकारी क्रमांक आहेत.

मंडळी, खचलेल्या बांधाला कोणी शिव्या देत नाही. माती घालून तो वेळेवर नीट करतात. पोराचेही तसेच करा. पुडीवाला गाठण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्या.