नवं साचेखातं
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मोबाईलनं पोरं बिघडली, असं जो तो म्हणतो. आम्हाला ते अर्धंच पटतं. आम्ही गिरणी कामगार. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त. पण तिथं आपल्या लोकांना मज्जाव होता. का? तर कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विटाळ! यंत्र विलायती, जात मात्र इथली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला.

आज कॉम्प्युटर हे नवं साचेखातं आहे. इथं 'शिवू नका' असं तोंडावर कुणी म्हणत नाही, पण क्लासची फी आणि इंग्रजीची भीती आपल्याला बाहेरच ठेवते. नुसतं मोबाईलवर बोट फिरवणं म्हणजे यंत्र शिकणं नव्हे.

म्हणून आमची विनंती आहे. रोज वंदनेनंतर विहारातच एक तास कॉम्प्युटरचा वर्ग भरवू या. वर्गणी आम्ही वडीलधारी काढू. शिकलेल्या पोरांनी आठवड्यातला एक तास द्यावा. आणि मुलींना आधी बसवा. बाबासाहेब ज्या हक्कासाठी भांडले, तो वापरायचा राहू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!