शांत सांधा आणि चुंबकाची दृष्टि

रात्रीं सुखानें निजलेला एखादा गृहस्थ पहाटे जागा होतो, तो पायाच्या अंगठ्यांतील असह्य वेदनेनें. सांधा लाल होऊन सुजलेला असतो. त्यास पांघरुणाचें ओझेंहि सोसत नाहीं. आठ-दहा दिवसांत ठणका ओसरतो, सूज उतरते आणि दुखणें गेलें असें समजून घरचीं माणसें निर्धास्त होतात. वेदना गेली हें खरें. पण रोग गेला काय? गाऊट नांवाच्या या विकारांत हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

आयुर्वेदांत वर्णिलेल्या वातरक्ताशीं या विकाराचें पुष्कळ साम्य आहे. अशा रोग्यांच्या रक्तांत युरिक आम्ल प्रमाणाबाहेर असतें, हें १८४८ सालीं आल्फ्रेड गॅरड या इंग्रज वैद्यानें दाखविलें. १०० घनसेंटिमीटर रक्तरसांत तें सुमारें ६.८ मिलिग्रॅमच्या पुढें गेलें, म्हणजे त्याच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत सांचूं शकतात. ते कित्येक वर्षें मुकाट्यानें पडून राहतात, त्यांच्या गांठी बनतात आणि त्या गांठी शेजारचें हाड कुरतडतात. साध्या क्ष-किरण चित्रांत ही झीज दिसूं लागते, ती बहुधा फार उशिरां.

येथें चुंबकीय अनुनादाचें चित्रण, म्हणजेच एम. आर. आय., उपयोगी पडतें. देहांतील पाण्यांत व चरबींत सर्वत्र हायड्रोजन आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाहून सुमारें ३०,००० पट बलवान् अशा १.५ टेस्लाच्या चुंबकांत त्याचे अणुगर्भ विशिष्ट दिशेस कलतात. नभोवाणीचे शब्द ज्या जातीच्या लहरींवरून घरोघर येतात, त्याच जातीच्या लहरींचा धक्का दिला, कीं ते क्षणभर विचलित होतात आणि पूर्वस्थितीस येतांना संकेत देतात. त्या संकेतांवरून यंत्र चित्र रचतें. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

सांध्याच्या अस्तराची सूज, खोलवर दडलेली गांठ, हाडांतील लहानसा खड्डा, हें सर्व या चित्रांत दिसतें. अस्थिमज्जेंतील सूज फार पसरलेली आढळली, तर सांध्यांत जंतूंचाहि शिरकाव झाला असावा अशी शंका वैद्य घेतात; आणि ती वेळींच घेतली तर पाय वाचूं शकतो.

तथापि या दृष्टीसहि मर्यादा आहे. गांठ कोठें आहे व किती मोठी, हें ती सांगते; ती कशाची, हें खात्रीनें सांगत नाहीं. गाऊटची गांठ कधीं अर्बुदासारखीहि भासते. निश्चित निदानासाठीं सांध्यांतील द्रव सुईनें काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. ही रीत १९६१ सालीं मॅकार्टी व हॉलंडर यांनीं दाखवून दिली. म्हणून प्रत्येक रोग्यास चुंबकाच्या यंत्रांत निजविण्याचें कारण नसतें. जेथें निदानांत घोटाळा आहे अथवा गांठ खोल आहे, तेथेंच त्याचें खरें काम.

रक्तांतील युरिक आम्ल ६ मिलिग्रॅमच्या खालीं टिकून राहिलें, तर सांचलेले स्फटिक विरघळूं लागतात; पण त्यास महिने, कधीं वर्षें लागतात. ठणका थांबतांच आपल्या मनानें औषध सोडणारा गृहस्थ त्या स्फटिकांस अभय देतो. अंगठा शांत झाला म्हणजे सांधा निरोगी झाला असें नव्हे, हीच गोष्ट चुंबकानें काढलेलें चित्र डोळ्यांपुढें आणून ठेवतें.