ठिपक्यांचे झाड



बालवाडीत मुलांना रंग कसे शिकवता, त्याविषयी चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी चित्रकार नव्हे. रांगोळीपलीकडे माझी मजल नाही. पण गेल्या श्रावणात एका पाच वर्षांच्या मुलीने मला जे शिकवले, ते सांगते.

रंग कालवण्याचा धडा तसा सोपा. तांबडा, पिवळा, निळा, एवढ्या तीन वाट्या. तांबड्या-पिवळ्याचा नारिंगी होतो, निळ्या-पिवळ्याचा हिरवा. जांभळा तेवढा रुसतो. शेंदरी छटेचा तांबडा घेतला तर नुसता चिखल होतो. त्यासाठी गुलाबी झाक असलेला तांबडाच हवा.

वाट्यांचा खेळ झाल्यावर मी भिंतीवर एक छापील चित्र लावले. झॉर्झ सरा या फ्रेंच चित्रकाराने १८८४ ते १८८६ या काळात ते रंगवले. नदीकाठी रविवारची दुपार घालवणारी माणसे. मूळ चित्र शिकागोला आहे, दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद, आणि त्यावर सगळीकडे बारीक ठिपके! शेजारी शेजारी ठेवलेले रंग दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मिसळावेत, ही त्याची कल्पना. आपल्या पैठणीची धूपछाव आठवा: उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या.

मुलांनी काड्यांना कापूस गुंडाळून ठिपके दिले. तांबड्या-पिवळ्या ठिपक्यांचे झेंडू दुरून छान नारिंगी दिसले. मग निळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे झाड केले. "लांबून काय दिसतं?" मी विचारले. "हिरवं!" सगळी ओरडली. ही एकटीच म्हणाली, "बाई, राखेसारखं दिसतंय."

"नीट बघ. निळ्या-पिवळ्याचा कोणता रंग होतो?"

मुले हसली. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "हिरवा."

वर्ग सुटल्यावर केर काढताना दारातून माझी नजर गेली. झाड खरोखरच राखी दिसत होते. केरसुणी हातातच राहिली. बाकीच्यांनी पाठ केलेले सांगितले होते. जिने डोळ्यांनी पाहिले, तिलाच मी गप्प केले होते.

शास्त्र शिकवणाऱ्या माझ्या भाच्याने उलगडा केला. वाटीत दोन्ही रंग एकमेकांचा उजेड गिळतात आणि दोघांनाही न गिळता येणारा हिरवा तेवढा उरतो. ठिपक्यांचे तसे नाही. प्रत्येकाचा उजेड वेगळा येतो आणि डोळ्यांत त्यांची बेरीज होते. निळ्या-पिवळ्याची ती बेरीज करडी. सरानेही हिरवळीसाठी हिरवा रंग घेतलाच होता. इतर ठिपके त्यात पेरले.

दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर सांगितले, "काल हिचं बरोबर होतं, बाई चुकल्या." तिला त्याचे काही विशेष वाटले नाही. "मग पानं कशी करायची?" एवढेच तिने विचारले. आम्ही पुन्हा वाट्या काढल्या.

ती चित्रे आज दाराशी लावली आहेत. चहाला जाताना दहा पावले मागे सरून पाहा. त्यांत एक झाड राखीच आहे. ते तिने बदलू दिले नाही.